फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स कायमचं काढायचंय : आधी काय करायचं, नंतर काय?

निळी_शाई

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्स, ही तिन्ही खाती कायमची काढून टाकायची आहेत. तात्पुरती बंद नाही, पूर्ण डिलीट. अडचणी अशा : फेसबुकवर २०११ पासूनचे फोटो आहेत आणि ते हवे आहेत. एका पेजचा ॲडमिन फक्त हेच खातं आहे. तीन-चार साइट्सवर "लॉग इन विथ फेसबुक" वापरून खाती उघडलेली आहेत. शिवाय फेसबुकचं आणखी एक जुनं खातं आहे. त्याचा पासवर्ड आठवत नाही आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच सुटलाय. तेही जायला हवं.

डिलीट केल्यावर मेसेंजरमधलं बोलणं समोरच्याकडूनही पुसलं जातं का? व्हॉट्सॲपला काही होतं का? आणि ते ३० दिवसांचं प्रकरण नक्की काय आहे?


गाठोडं

डिलीटचं बटण सगळ्यात शेवटी दाबायचं. वेळ जातो तो त्याआधीच्या आवराआवरीत, आणि चुकाही तिथेच होतात. खातं गेलं की त्याच्या नावावर अडकलेल्या गोष्टी सोडवायला आत शिरताच येत नाही. त्यामुळे क्रम पाळा.

पहिलं काम फोटोंचं. फेसबुकच्या सेटिंग्जमधून अकाउंट्स सेंटर उघडा, "युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स" मध्ये जा. तिथे माहिती डाउनलोड किंवा एक्सपोर्ट करायचा पर्याय आहे. मागणी नोंदवण्याआधी तीन गोष्टी स्वतः बघून बदला, आहे तशा सोडू नका. तारखांचा कालावधी बऱ्याचदा मागच्या एका वर्षापुरता लावलेला असतो, तो "ऑल टाइम" करा. मीडिया क्वालिटी "हाय" करा, नाहीतर फोटो दाबून लहान केलेले मिळतात. तिसरा प्रश्न फॉरमॅटचा. नुसतं बघायचं असेल तर एचटीएमएल घ्या, ते ब्राउझरमध्ये पानासारखं उघडतं. जेसन हे दुसऱ्या सॉफ्टवेअरला खायला घालण्यासाठी असतं.

जेसन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण मराठी लिहिणाऱ्यांना तिचा फटका हमखास बसतो. फेसबुकच्या जेसनमध्ये देवनागरी मजकूर वाचता येत नाही, अक्षरांच्या जागी चित्रविचित्र खुणा दिसतात. मजकूर गेलेला नसतो. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं आणि या फाइलमध्ये त्यातला प्रत्येक बाइट वेगळं अक्षर असल्यासारखा लिहिलेला असतो. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तो मजकूर लॅटिन-१ (दुसरी जुनी पद्धत) म्हणून एन्कोड करून यूटीएफ-८ म्हणून डिकोड केला की मराठी जशीच्या तशी परत येते. हे जमणारं नसेल तर सरळ एचटीएमएल घ्या, त्यात ही भानगड नाही.

खातं मोठं असेल तर फाइल तयार व्हायला काही तासही लागतात, कधी दिवसही. तयार झाली की मेल येतो आणि उतरवून घ्यायला ४ दिवस मिळतात, त्यानंतर मागणी पुन्हा करावी लागते. झिपचे अनेक तुकडे असतील तर सगळे एकाच फोल्डरमध्ये उलगडा. वेगवेगळ्या फोल्डरमध्ये उलगडलेत तर पानं उघडतात पण फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, कारण एका तुकड्यातलं पान दुसऱ्या तुकड्यातल्या फोटोकडे बोट दाखवत असतं.

फोटो मिळाले तरी त्यांच्या तारखा मिळत नाहीत. अपलोड करतानाच फेसबुक फोटोतली कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतं. म्हणून २०११ चा फोटोही गॅलरीत आजच्या तारखेला जाऊन बसतो. खरी तारीख एचटीएमएलमध्ये फोटोखाली असते, जेसनमध्ये सेकंदांच्या लांबलचक आकड्यात असते. हजारो फोटो असतील आणि तारखा महत्त्वाच्या असतील तर दोन्ही फॉरमॅट मागवून ठेवा. जेसनमधल्या तारखा एक्झिफटूलसारख्या साधनाने नंतर फोटोंत भरता येतात.

या गाठोड्यात फक्त तुम्ही टाकलेलं येतं. दुसऱ्यांनी टाकून तुम्हाला टॅग केलेले फोटो त्यात नसतात, ते हवे तर आत्ताच एकेक करून उतरवून घ्या. "सेव्ह" केलेल्या पोस्टचेही नुसते दुवे मिळतात.

डिलीट दाबण्याआधी डाउनलोड उघडून बघा. सगळ्यात जुनी पोस्ट आणि सगळ्यात जुना फोटो दिसतोय का, एखादा व्हिडिओ चालतोय का, एवढं तपासलं तरी पुरे.

आता पेज. तुम्ही एकटेच ॲडमिन असाल तर खात्याबरोबर पेजही जातं. पेजवर जाऊन "पेज ॲक्सेस" मधून दुसऱ्या व्यक्तीला घ्या आणि "फुल कंट्रोल" चालू करा. नुसतं घेतलं आणि फुल कंट्रोल दिलं नाही तर ती व्यक्ती पोस्ट टाकू शकेल, पण पेज तिच्या ताब्यात येणार नाही. समोरच्याने निमंत्रण स्वीकारलंय याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नका. ग्रुपचंही तेच, दुसरा ॲडमिन नेमून मगच बाहेर पडा. जाहिराती चालू असतील तर त्या थांबवा, बाकी रक्कम भरा आणि कार्ड काढून टाका.

"लॉग इन विथ फेसबुक" वाल्या साइट्सची यादी सेटिंग्जमध्ये "ॲप्स अँड वेबसाइट्स" खाली मिळते. यादीतल्या प्रत्येक साइटवर फेसबुकनेच शेवटचं लॉगिन करा, तिथल्या सेटिंग्जमध्ये ईमेल बरोबर आहे ना ते बघा आणि वेगळा पासवर्ड लावा. मग लॉगआउट होऊन ईमेल-पासवर्डने परत आत जाता येतंय का ते बघा. हे झालं की यादीतून ती साइट काढा. ईमेल न मागणारी काही गेम्स असतात, त्यांत दुसरा लॉगिन जोडायची सोयच नसते. तिथली प्रगती सोडून द्यावी लागेल.

आता प्रत्यक्ष डिलीट. अकाउंट्स सेंटर, "पर्सनल डिटेल्स", "अकाउंट ओनरशिप अँड कंट्रोल", "डिॲक्टिव्हेशन ऑर डिलीशन". खातं निवडा आणि पुढच्या पडद्यावर थांबून वाचा. तिथे डिॲक्टिव्हेट हा पर्याय आधीच निवडलेला असतो. घाईत "कंटिन्यू" दाबलं की खातं फक्त झाकलं जातं, डिलीट होत नाही. "डिलीट अकाउंट" स्वतः निवडा. मग कारण विचारतात, पर्याय सुचवतात, शेवटी पासवर्ड मागतात. मेनूची नावं अधूनमधून बदलतात. सापडत नसेल तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत "डिलीशन" टाइप करा.


निळी_शाई

फारच उपयोगी, एचटीएमएलची मागणी नोंदवली. कालावधी खरंच मागच्या एका वर्षाचा होता. मेसेंजर आणि ३० दिवसांचं कुणी सांगेल का?


दार_बंद

३० दिवस ही विचार बदलायची मुदत असते. डिलीट दाबताक्षणी प्रोफाइल इतरांना दिसेनासं होतं, पण आत सगळं शाबूत असतं. या काळात लॉगिन केलंत तर "कॅन्सल डिलीशन" समोर येतं आणि ते दाबलं की खातं परत. ३० दिवस उलटले की परतीची वाट बंद. त्यानंतर सर्व्हरवरून सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, पण त्या काळात तुम्हाला किंवा इतरांना काही दिसत नाही.

"डिलीट केलं होतं, तरी खातं जिवंत आहे" अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असतं. एकतर डिलीटऐवजी डिॲक्टिव्हेट झालेलं असतं. डिॲक्टिव्हेट केलेलं खातं तर फेसबुकने दुसऱ्या कुठल्या साइटवर लॉगिन केलं तरी जागं होतं. नाहीतर मुदतीत जुन्या टॅबलेटवर किंवा घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ॲप उघडलं जातं आणि समोर आलेली सूचना न वाचता बटण दाबलं जातं. म्हणून डिलीट करण्याच्या दिवशीच सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हा, ॲप काढा आणि ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड पुसा. पासवर्ड कागदावर लिहून ३० दिवस ठेवा, काही राहिलंय असं लक्षात आलं तर लागेल.

डिलीट झालं का हे बघायला लॉगिन करू नका. प्रोफाइलचा दुवा आधीच लिहून ठेवा आणि लॉगिन नसलेल्या खासगी विंडोत तो उघडून बघा.

मेसेंजर : तुमचा इनबॉक्स जातो, समोरच्याचा नाही. तुम्ही पाठवलेले मेसेज त्यांच्याकडे राहतात, फक्त नावाऐवजी "फेसबुक युजर" असं काहीतरी आणि रिकामा चेहरा दिसतो. एखादा मेसेज समोरूनही काढायचा असेल तर खातं चालू असतानाच त्या मेसेजवर "अनसेंड फॉर एव्हरीवन" करा. हे एकेक करूनच करावं लागतं आणि समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला असेल तर त्याला इलाज नाही.

व्हॉट्सॲप याच कंपनीचं असलं तरी खातं फोन नंबरवर चालतं. फेसबुक किंवा इन्स्टाग्राम काढल्याने त्याला काही होत नाही.


चौकट_२

इन्स्टाग्राम आणि एक्सबद्दल.

इन्स्टाग्रामचा रस्ता फेसबुकचाच, तेच अकाउंट्स सेंटर, त्याच मुदती : ३० दिवस आणि मग ९० पर्यंत. दोन्ही खाती एका सेंटरमध्ये जोडलेली असतील तर यादीत दोन्ही दिसतात. नाव आणि फोटो सारखा असला की चुकीचं निवडलं जातं, तेव्हा नावाखालचं चिन्ह नीट बघा. फेसबुक काढलं म्हणून इन्स्टाग्राम जात नाही, दोन्हींचं डिलीट वेगवेगळं करायचं. डाउनलोडही वेगळं मागवायचं.

थ्रेड्स (इन्स्टाग्रामच्या खात्यावर चालणारं पोस्ट लिहायचं ॲप) वापरत असाल तर इन्स्टाग्रामबरोबर तेही जाईल. उलट, फक्त थ्रेड्स काढून इन्स्टाग्राम ठेवायचं असेल तर तशी सोय नोव्हेंबर २०२३ पासून आहे. आधी नव्हती, त्यामुळे जुन्या लेखांत "दोन्ही घालवावं लागतं" असं वाचायला मिळेल. ते आता लागू नाही.

इन्स्टाग्रामवरचं तेच युजरनेम नंतर परत मिळेल याची खात्री नसते. ते नाव कामाचं असेल तर खातं काढण्यापेक्षा रिकामं करून प्रायव्हेट ठेवणं जास्त शहाणपणाचं.

एक्सवर शब्दांचा घोळ आहे. फेसबुकवर डिॲक्टिव्हेट म्हणजे दार ओढून घेणं. एक्सवर "डिलीट" नावाचं बटणच नाही, तिथे "डिॲक्टिव्हेट युअर अकाउंट" हीच डिलीटची सुरुवात. सेटिंग्ज, "युअर अकाउंट", शेवटचा पर्याय. त्या दिवसापासून ३० दिवस मोजले जातात, मध्ये लॉगिन केलं नाही की खातं जातं. मुदतीत लॉगिन केलं तर खातं परत चालू करायचं का असं विचारतात, हो म्हटलं की खातं परत.

दाबण्याआधी चार कामं. एक, अर्काइव्हची, म्हणजे तुमच्या सगळ्या माहितीच्या प्रतीची, मागणी नोंदवा. ती तयार व्हायला २४ तास किंवा त्याहून जास्त लागतात आणि डिॲक्टिव्हेट केल्यावर मागवता येत नाही. दोन, प्रीमियम घेतलेलं असेल तर ते आधी रद्द करा. ते फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊनच रद्द होतं. ॲप काढलं किंवा खातं गेलं तरी स्टोअर पैसे कापत राहतं. तीन, हेच युजरनेम किंवा ईमेल पुढे दुसऱ्या एक्स खात्याला लावायचं असेल तर आधी या खात्यावर ते बदलून काहीतरी वेगळं टाका, मग डिॲक्टिव्हेट करा. नाहीतर ते या खात्याला चिकटलेलं राहतं. चार, "कनेक्टेड ॲप्स" मध्ये पोस्ट आपोआप टाकणारं वगैरे जे काही जोडलेलं असेल त्याची परवानगी काढा. अशा ॲपच्या वाटेने खातं पुन्हा चालू होऊ शकतं.


कुलूप_किल्ली

जुन्या खात्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

पासवर्ड आठवत नाही म्हणजे खातं हातचं गेलं असं नाही. आधी त्या खात्याला कुठला ईमेल जोडला होता ते शोधा. सगळ्या जुन्या मेलबॉक्समध्ये "फेसबुक" शोधा, स्पॅम आणि प्रमोशन्ससकट. ज्या मेलबॉक्समध्ये वाढदिवसाच्या सूचना आणि मैत्रीच्या विनंत्या सापडतील तोच जोडलेला. मग फेसबुकच्या लॉगिन पानावर "फरगॉटन पासवर्ड" दाबा, ईमेल किंवा प्रोफाइलचं युजरनेम टाका. कोड कुठे पाठवायचा हे विचारतात तेव्हा नंबर न निवडता ईमेल निवडा.

ईमेलचाही पत्ता लागत नसेल तर तीन जागा बघा. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड. फोनच्या सेटिंग्जमधला पासवर्डचा साठा. आणि कपाटातला जुना फोन किंवा लॅपटॉप, ज्यावर कदाचित लॉगिन अजून चालू असेल. पूर्वी वापरलेल्या उपकरणावरून आणि नेहमीच्या इंटरनेटवरून प्रयत्न केला तर ओळख पटण्याची शक्यता वाढते. कोड पुन्हापुन्हा मागवू नका. काही वेळा चुकलं की प्रयत्न तात्पुरते अडवले जातात, मग दुसऱ्या दिवशी करा.

आत शिरलात की पहिल्यांदा तो सुटलेला नंबर काढून टाका. हे फार महत्त्वाचं आहे. बंद पडलेले नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिले जातात. ज्याच्याकडे तो नंबर गेला त्याच्या फोनवर तुमच्या खात्याचा कोड येऊ शकतो. फक्त फेसबुकच नव्हे, तो नंबर जिथे जिथे दिलेला आहे तिथून काढायला हवा.

त्या जुन्या खात्यावर दुसरंच कुणीतरी वावरत असल्याचं दिसलं तर फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हे पान उघडा, तिथून ताबा परत घ्यायची प्रक्रिया सुरू होते. तुमच्या नावाने आणि फोटोने कुणी वेगळं प्रोफाइल काढलं असेल तर त्या प्रोफाइलवरच्या तीन टिंबांतून रिपोर्ट करा आणि "माझं सोंग घेतलंय" अशा अर्थाचा पर्याय निवडा. ओळखपत्र मागितलं तर ते फक्त फेसबुकच्या अधिकृत पानावरच अपलोड करा.

खातं परत मिळवून देतो, कायमचं डिलीट करून देतो असं सांगून पैसे मागणारे भरपूर भेटतील. "फेसबुक हेल्पलाइन" म्हणून शोधल्यावर मिळणारे फोन नंबरही तसलेच. सामान्य वापरकर्त्यांसाठी फेसबुकची फोन हेल्पलाइन नाही. आलेला कोड कुणालाही सांगू नका, तो सांगितला की खातं त्यांच्या हातात जातं.


निळी_शाई

ईमेल सापडला, कोड आला, आत जाता आलं. जुना नंबर काढला. मनापासून आभार.

एक उपप्रश्न : या सगळ्या खात्यांना जोडलेला जुना ईमेलही बंद करायचा विचार आहे. तो आता केला तर चालेल?


कुलूप_किल्ली

आत्ता नको. डिलीटची खात्री देणारा मेल, डाउनलोड तयार झाल्याचा मेल, मुदतीत परत शिरायची वेळ आली तर कोड, हे सगळं तिथेच येणार. शेवटच्या खात्याचे ३० दिवस संपल्यावरच ईमेलकडे वळा, आणि तेव्हाही त्या ईमेलवर अजून कुठली खाती आहेत ते मेलबॉक्समध्ये "वेलकम" आणि "व्हेरिफाय" हे शब्द शोधून बघा. विसरलेली निम्मी खाती अशीच सापडतात.

दोन टप्प्यांच्या पडताळणीसाठी ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचे कोड तयार करणारं) वापरत असाल तर तेही तोवर फोनवर राहू द्या.


पानगळ

इतर ॲप्ससाठी हा धागा उघडणाऱ्यांकरता थोडक्यात, कारण प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

व्हॉट्सॲप : सेटिंग्ज, अकाउंट, डिलीट अकाउंट. इथे ३० दिवसांची मुभा नाही, नंबर टाकून बटण दाबलं की खातं लगेच जातं आणि सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडता. नुसता नंबर बदलायचा असेल तर शेजारचा "चेंज नंबर" वापरा, दोन्हींत गल्लत करू नका. ॲप काढून टाकणं म्हणजे खातं डिलीट करणं नव्हे. लोकांना तुमचं नाव दिसत राहतं आणि ते मेसेज पाठवत राहतात.

टेलिग्राम : ब्राउझरमध्ये माय डॉट टेलिग्राम डॉट ऑर्ग उघडून तिथून डिलीट करता येतं. लॉगिनचा कोड एसएमएसने येत नाही, टेलिग्रामच्या ॲपमध्येच येतो. त्यामुळे आधी ॲप उडवलं की पंचाईत होते. दुसरा मार्ग प्रायव्हसीच्या सेटिंग्जमध्ये : ठरावीक महिने वापर नसला की खातं आपोआप जाईल असं लावता येतं, कमीत कमी मुदत १ महिना. तुमचे ग्रुप आणि चॅनेल तसेच राहतात, फक्त मालक नाहीसा होतो. आधी मालकी दुसऱ्याला द्या.

रेडिट : खातं डिलीट केलं तरी लिहिलेलं सगळं तिथेच राहतं, फक्त नाव निघून जातं. लिखाण जायला हवं असेल तर आधी पोस्ट आणि प्रतिसाद एकेक करून पुसा. खातं गेल्यावर तो मजकूर तुमचा असल्याचं सिद्ध करायला काही उरत नाही. परतीची मुदतही नाही.

लिंक्डइन : "अकाउंट मॅनेजमेंट" मध्ये "क्लोज अकाउंट". १४ दिवसांत परत उघडता येतं, पण सहकाऱ्यांनी दिलेल्या शिफारशी परत येत नाहीत. त्यांची प्रत आधी घेऊन ठेवा.

डिस्कॉर्ड : तुमच्या मालकीचा सर्व्हर असेल तर डिलीट पुढे सरकतच नाही. आधी सर्व्हर दुसऱ्याच्या नावे करा किंवा काढून टाका. मेसेज "डिलीटेड युजर" या नावाने राहतात.

स्नॅपचॅट : आधी ३० दिवस खातं निष्क्रिय राहतं, मग जातं. मध्ये लॉगिन झालं की परत चालू. मेमरीजमधले फोटो आधी उतरवून घ्या.

एखाद्या ॲपमध्ये डिलीट सापडतच नसेल तर चिकाटीने शोधा. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते काढायची सोयही ॲपमध्येच हवी, हा ॲपलच्या स्टोअरचा नियम ३० जून २०२२ पासून आहे. बहुतेकदा "प्रायव्हसी" किंवा "मदत" च्या तळाशी दडवलेली असते.


दार_बंद

वरच्यात एक भर. खातं गेल्यावरही गूगलच्या शोधात प्रोफाइलचा दुवा आणि नावाखालच्या दोन ओळी काही दिवस दिसत राहतात. दुवा उघडत नसेल तर ती नुसती जुनी नोंद आहे. गूगलचं "रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट" नावाचं पान आहे, तिथे तो दुवा टाकला की नोंद लवकर निघते. पान खरोखर गेलेलं असेल तरच ही विनंती मान्य होते, म्हणून ३० दिवस संपल्यावर करा.

आणि निळी_शाई, दोन्ही फेसबुक खाती एकाच दिवशी डिलीट करणार असाल तर दोन वेगळे ब्राउझर वापरा. एकाच ब्राउझरमध्ये खाती बदलत बसलं की कुठल्या खात्यावर बटण दाबलं ते कळत नाही.